विश्लेषण : बिशपांच्या वाड्यांतील तसबिरींची रांग… बिशप गेले, तरी चित्रे का राहायला हवीत?

सरकारी कचेरी, महाविद्यालयाचे सभागृह किंवा जुन्या बँकेचे मुख्यालय. माजी प्रमुखांच्या तसबिरींची ओळ आपल्याला नवी नाही. इंग्लंडमधील बिशपांच्या ऐतिहासिक निवासस्थानांत अशा रांगा काही शतकांच्या आहेत. लंडनचा लॅम्बेथ पॅलेस, वेल्स येथील बिशप्स पॅलेस, डरहॅम परगण्यातील ऑकलंड कॅसल या ठिकाणी जेवणाच्या दालनात, जिन्यावर, लांबलचक सज्जात एकामागून एक बिशप टांगलेले दिसतात. मात्र गेल्या काही दशकांत या वाड्यांचा खर्च चर्चला परवडेनासा झाला. बिशप छोट्या घरांत राहायला गेले, काही वाडे विकले गेले. मग भिंतींवरच्या चित्रांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. ती चर्चची मालमत्ता की गावाचा वारसा? या वादाचा आणि त्यामागील परंपरेचा हा आढावा.

ही परंपरा नेमकी काय?

बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा प्रमुख. त्याचे पद व्यक्तीपेक्षा मोठे मानले जाते. येशूच्या शिष्यांपासून आजच्या बिशपापर्यंत अधिकाराची साखळी अखंड चालत आली आहे, अशी रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन या दोन्ही पंथांची धारणा आहे. ही साखळी डोळ्यांना दिसावी, यासाठी चित्रांची रांग हा सोपा मार्ग होता. स्पेनमधील टोलेडो कॅथेड्रलच्या सभादालनात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हुआन दे बोर्गोन्या या चित्रकाराने तेथील आर्चबिशपांची मालिका रंगवली. त्यातील आरंभीच्या धर्मगुरूंना या चित्रकाराने पाहिलेले असणे शक्यच नव्हते. त्यांचे चेहरे कल्पनेने रंगवण्यात आले. चेहरा हुबेहूब असण्यापेक्षा रांगेत खंड न पडणे अधिक महत्त्वाचे होते. पुढील आर्चबिशपांची चित्रे त्या रांगेत भर घालत गेली.

इंग्लंडमध्ये या रांगेला आणखी एक अर्थ होता. सोळाव्या शतकात तेथील चर्च रोमपासून वेगळे झाले. तरीही आपण जुन्याच साखळीतील आहोत, हे नव्या बिशपांना दाखवायचे होते. त्यामुळे सुधारणेआधीचे कॅथलिक आर्चबिशप आणि नंतरचे प्रोटेस्टंट आर्चबिशप लॅम्बेथमध्ये एकाच मालिकेत आले.

लॅम्बेथ पॅलेसमध्ये काय पाहायला मिळते?

थेम्स नदीकाठी, ब्रिटिश संसदेच्या जवळपास समोरच असलेला लॅम्बेथ पॅलेस सुमारे ८०० वर्षांपासून कँटरबरीच्या आर्चबिशपांचे लंडनमधील निवासस्थान आहे. तेथील गार्ड रूम या दालनात आणि लगतच्या भागांत आर्चबिशपांची चित्रे आहेत. विल्यम वॉरहॅम यांचे हान्स होल्बाइनने १५२७ मध्ये रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लॅम्बेथमध्ये त्याची प्रतिकृती आहे. थॉमस सेकर यांचे चित्र जोशुआ रेनॉल्ड्सच्या कुंचल्यातून उतरले. म्हणजे ही मालिका इंग्लंडमधील व्यक्तिचित्रणाच्या इतिहासाचाही एक धावता आलेख आहे.

या चित्रांपैकी एकाशी जोडलेला प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. आर्चबिशप विल्यम लॉड हे राजा पहिल्या चार्ल्सचे निकटवर्ती होते. १६४० च्या ऑक्टोबरमध्ये ते लॅम्बेथमधील आपल्या अभ्यासिकेत गेले, तेव्हा त्यांचे स्वतःचे चित्र दोरी तुटून जमिनीवर पालथे पडलेले त्यांना दिसले. हा अपशकुन नसो, अशा अर्थाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला आणि १० जानेवारी १६४५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. पुढे राजेशाही परतली आणि आर्चबिशपांची रांगही पुन्हा सुरू झाली. ज्यांना ठार मारण्यात आले, त्यांनाही या रांगेत जागा आहे.

चेहऱ्यांपलीकडे या चित्रांत काय वाचता येते?

बरेच काही. दाढीचेच उदाहरण घ्या. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांचे १५४५ मधील चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात त्यांची दाढी तुळतुळीत केलेली आहे. दोन वर्षांनी आठवा हेन्री वारला आणि क्रॅन्मर यांनी दाढी वाढवली. कॅथलिक पाद्री दाढी ठेवत नसत. त्यामुळे प्रोटेस्टंट धर्मगुरूची लांब दाढी ही जुन्या प्रथेशी फारकत घेतल्याची खूण ठरली.

त्यानंतर आले कृत्रिम केसांचे टोप. १६९१ मध्ये आर्चबिशप झालेले जॉन टिलॉट्सन हे टोप घालून चित्रात दिसणारे पहिले इंग्लिश बिशप मानले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा टोप टिकला. बिशपांच्या झग्याच्या पांढऱ्या, फुगीर बाह्या तर जवळपास प्रत्येक चित्रात आहेत. इतक्या, की त्याच बिशपाची ओळख बनल्या. याउलट बिशप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येणारी उंच टोकदार मायटर टोपी सुधारणेनंतरच्या चित्रांत क्वचितच डोक्यावर दिसते. इंग्लंडमध्ये ती पुन्हा प्रचारात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

अधिकाराच्या खुणाही असतात. विंचेस्टरचे बिशप हे 'ऑर्डर ऑफ द गार्टर' या राजसन्मानाचे पदसिद्ध धर्मगुरू असतात, म्हणून त्यांच्या चित्रांत त्या सन्मानाचे पदक दिसते. डरहॅमच्या बिशपांच्या राजचिन्हात धर्मदंडासोबत तलवारही आहे. उत्तर सीमेवरील या बिशपांना मध्ययुगात जवळपास राजासारखे अधिकार होते. त्यांची न्यायालये होती, ते सैन्य उभारू शकत होते. म्हणूनच त्यांना राजबिशप म्हटले जाई. या अधिकारांचा शेवट १८३६ मध्ये झाला. चिन्हातील तलवार मात्र राहिली.

ऑकलंड कॅसलचे प्रकरण काय होते?

डरहॅमच्या याच बिशपांचा ऑकलंड कॅसल हा वाडा आहे. येथील सिंहासन दालनात पूर्वीच्या बिशपांची चित्रे आहेत. मात्र वाद पेटला तो जेवणाच्या दालनातील वेगळ्या चित्रांवरून. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को दे सुर्बारान याने १६४० च्या दशकात याकोब आणि त्याच्या १२ मुलांची १३ चित्रे रंगवली. प्रत्येक चित्र सुमारे दोन मीटर उंच. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात मृत्युशय्येवरील याकोब आपल्या मुलांचे भविष्य सांगतो, त्यावर ही मालिका बेतलेली आहे. हीच १२ मुले ज्यू लोकांच्या १२ वंशांचे मूळपुरुष मानली जातात.

बिशप रिचर्ड ट्रेव्हर यांनी १७५६ मध्ये जेम्स मेंडेझ या ज्यू व्यापाऱ्याच्या संग्रहातील १२ चित्रे १२४ पौंडांना घेतली. धाकट्या बन्यामीनचे तेरावे चित्र दुसऱ्याने घेतल्यामुळे ट्रेव्हर यांनी आर्थर पाँड या चित्रकाराकडून त्याची प्रतिकृती करून घेतली आणि दालन नव्याने सजवून सगळी चित्रे तेथे लावली. या खरेदीला राजकीय पार्श्वभूमी होती. परदेशात जन्मलेल्या ज्यूंना ब्रिटिश नागरिकत्वाचा मार्ग खुला करणारा कायदा १७५३ मध्ये संमत झाला. पण लोकक्षोभामुळे तो लगेचच मागे घ्यावा लागला. ट्रेव्हर या कायद्याच्या बाजूचे होते. वाड्यावर जेवायला येणाऱ्या प्रतिष्ठितांना त्यांनी ज्यू पूर्वजांच्या साक्षीने पंगतीला बसवले. एका दालनात बिशपांची वंशावळ आणि दुसऱ्यात त्यांच्या धर्माच्याही आधीची वंशावळ, असा हा मेळ होता.

चित्रे विकण्याची वेळ का आली?

इंग्लंडमधील बिशपांची घरे आणि चर्चची मोठी गुंतवणूक 'चर्च कमिशनर्स' ही संस्था सांभाळते. १९४८ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून ती स्थापन झाली. गरीब भागांतील पाद्र्यांचे वेतन, निवृत्तांचे निवृत्तिवेतन अशा जबाबदाऱ्या तिच्यावर आहेत. त्यामुळे संस्थेचा युक्तिवाद सरळ होता : एका जेवणाच्या दालनात कोट्यवधी पौंड टांगून ठेवण्यापेक्षा ते चर्चच्या कामासाठी वापरावेत. २००१ मध्ये विक्रीचा प्रस्ताव पुढे आला, विरोधामुळे मागे पडला. २०१० मध्ये तो पुन्हा आला.

हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. सुताराच्या घरी वाढलेल्या येशूच्या अनुयायांनी वाडे आणि तैलचित्रे का सांभाळावीत, हा प्रश्न चर्चच्या आतूनही विचारला जात होता. विरोधकांचे म्हणणे वेगळे होते. बिशप ऑकलंड हे कोळसा खाणी बंद पडल्यानंतर उतरती कळा लागलेले गाव. त्याच्याकडे दाखवण्यासारखे जे थोडे उरले होते, तेच लंडनमधील हिशेबासाठी विकले जाणार होते. अखेर जोनाथन रफर या गुंतवणूक व्यावसायिकाने २०११ मध्ये दीड कोटी पौंड देऊन ही चित्रे तेथेच राहतील, अशी तजवीज केली. २०१२ मध्ये वाडाही एका विश्वस्त संस्थेकडे आला. दुरुस्तीच्या काळात चित्रे अमेरिकेत डॅलस आणि न्यूयॉर्क येथे प्रदर्शनासाठी गेली आणि परतली. २०१९ मध्ये वाडा पुन्हा लोकांसाठी उघडला.

गावातील लोकांना या चित्रांशी काय देणेघेणे?

या वाड्याचा आणि खाणकामगारांचा संबंध चित्रांपुरता नाही. १८९२ मध्ये डरहॅमच्या खाणकामगारांचा संप सुमारे तीन महिने चालला. तेव्हाचे बिशप ब्रूक फॉस वेस्टकॉट यांनी खाणमालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींना ऑकलंड कॅसलमध्ये बोलावले आणि १ जून रोजी तडजोड घडवून आणली. या वेस्टकॉट यांचा भारताशीही धागा आहे. त्यांची मुले धर्मकार्यासाठी भारतात आली आणि त्यांपैकी फॉस वेस्टकॉट पुढे कोलकात्याचे बिशप झाले.

सगळेच बिशप कामगारांना जवळचे वाटत नव्हते. बिशप हेन्सली हेन्सन यांनी संपांवर कडक टीका केली होती. १९२५ मध्ये डरहॅम येथील कामगार मेळाव्यात संतप्त जमावाने एका धर्मगुरूला पकडून नदीत ढकलण्याचा प्रयत्न केला. ते निघाले कॅथेड्रलचे डीन जेम्स वेल्डन. बिशप समजून लोकांनी भलत्यालाच धरले होते! हे वेल्डनही पूर्वी कोलकात्याचे बिशप होते. वाड्यात बिशपांचे चेहरे शतकानुशतके जपले जात होते आणि बाहेरच्या जमावाला हयात बिशपाचा चेहराही ओळखता आला नव्हता. त्या काळी वाड्याची दारे कोणासाठी उघडी होती, याचे उत्तर या प्रसंगातच आहे.

आज याच गावात खाणकामगार चित्रकारांच्या कामासाठी स्वतंत्र दालन आहे. ते २०१७ मध्ये सुरू झाले. बिशपांची व्यक्तिचित्रे पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक काही मिनिटांत कोळशाच्या धुळीने माखलेल्या माणसांच्या चित्रांसमोर उभा राहू शकतो. सुर्बारानची चित्रे लिलावात गेली असती, तर ही शेजारशेज जुळली नसती.

वेल्समध्ये वाद कशावरून झाला?

सॉमरसेट परगण्यातील वेल्स येथील बिशप्स पॅलेसला पाण्याचा खंदक आहे आणि त्यातील हंस खाणे हवे असले की दोरी ओढून घंटा वाजवतात. याच वाड्याच्या लांब सज्जात बाथ आणि वेल्सच्या पूर्वीच्या बिशपांची चित्रे आहेत. त्यांच्या इतिहासात थॉमस केन यांचे नाव आदराने घेतले जाते. राजा दुसऱ्या जेम्सचा आदेश मानण्यास नकार देऊन १६८८ मध्ये तुरुंगात गेलेल्या सात बिशपांपैकी ते एक. पुढच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यासही त्यांनी नकार दिला आणि १६९१ मध्ये पद गमावले. त्यांच्या जागी आलेले रिचर्ड किडर १७०३ च्या भीषण वादळात याच वाड्यात धुराडे कोसळून पत्नीसह मरण पावले.

नव्या बिशपांनी या वाड्यात न राहता काही मैलांवरच्या दुसऱ्या घरात राहावे, असे चर्च कमिशनर्सनी ठरवले. पर्यटकांच्या वर्दळीत बिशपांना खासगीपण मिळत नाही, हे कारण देण्यात आले. स्थानिक लोकांनी जोरदार विरोध केला आणि २०१४ मध्ये निर्णय बदलावा लागला. येथे चित्रे विकण्याचा विषयच नव्हता. तरीही लोक चिडले, कारण त्यांच्या लेखी बिशप राहत नसलेला वाडा म्हणजे नुसते संग्रहालय. आजही तेथे एका भागात बिशप राहतात आणि दुसऱ्या भागात तिकीट काढून लोक चित्रे पाहतात.

अशा रांगांचे गोव्याशी काही साम्य?

जुन्या गोव्यात अशीच एक रांग आहे. फरक इतकाच, की ती धर्मगुरूंची नसून पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची आहे. जुआंव द कास्त्रो यांनी १५४७ मध्ये ती सुरू केली. इतिहासकार गास्पार कोरैया यांच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रे काढली. पुढे प्रत्येक नव्या सत्ताधीशाचे चित्र त्यात जोडले गेले. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयचा वाडा ओस पडला, राजधानी पणजीला सरकली आणि चित्रांनीही मुक्काम हलवला. मधल्या काळात अनेक चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढवला गेला. आज ही मालिका भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या जुन्या गोव्यातील संग्रहालयात आहे. अफोन्सो द अल्बुकर्कचे एक चित्र मात्र लिस्बनच्या संग्रहालयात पाहावे लागते. घर मोडले की रांग कशी विस्कटते, याचे हे आपल्याजवळचे उदाहरण.

मग या चित्रांचा फक्त गौरवच करायचा का?

तसे नाही. गुलामगिरीशी चर्चचा संबंध हा सध्याचा सर्वांत अवघड विषय आहे. कँटरबरीचे आर्चबिशप पदसिद्ध अध्यक्ष असलेल्या एका धर्मप्रसारक संस्थेला १७१० मध्ये बार्बाडोस बेटावरील कॉड्रिंग्टन ऊसमळे वारसाहक्काने मिळाले. तेथे गुलामांकडून काम करून घेतले जाई आणि त्यांच्या छातीवर संस्थेच्या नावाचा डाग दिला जाई. याबद्दल चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मसभेने २००६ मध्ये माफी मागितली. २०२३ मध्ये चर्च कमिशनर्सनी आपल्या निधीच्या एका जुन्या स्रोताचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला.

म्हणजे लॅम्बेथच्या भिंतीवर शांत नजरेने पाहणारे अठराव्या शतकातील आर्चबिशप एका मळ्याच्या मालक संस्थेचे अध्यक्षही होते. दुसरीकडे, बिशप बिलबी पोर्टियस यांनी १७८३ मध्ये याच संस्थेसमोर प्रवचन देताना तिच्या मळ्यांवरील गुलामांच्या हलाखीवर बोट ठेवले होते. पोर्टियस पुढे लंडनचे बिशप झाले. दोघांच्याही चित्रांत त्याच पांढऱ्या बाह्या आणि तोच झगा. कोण काय वागले, हे चित्र सांगत नाही. ते शेजारच्या फलकावर लिहावे लागते आणि तो फलक लिहिण्यासाठी चित्र भिंतीवर असावे लागते.

पुढे काय?

जुन्या वाड्यांतून बिशपांचे स्थलांतर थांबण्याची चिन्हे नाहीत. कार्लाइलच्या बिशपांचा रोझ कॅसल आणि वूस्टरच्या बिशपांचा हार्टलबरी कॅसल या शतकात चर्चच्या हातून गेले. हार्टलबरी येथे स्थानिक लोकांनी विश्वस्त संस्था स्थापन करून वाडा घेतला. ऑकलंडला एक दाता भेटला, वेल्सला जनमताने वाचवले. प्रत्येक गावाचे नशीब तसे असेलच असे नाही. अशा संग्रहातील चित्रे सुटी करून विकली, तर त्यातील नामवंत चित्रकारांच्या कलाकृतींना गिऱ्हाईक मिळेल. उरलेले शेकडो मध्यम दर्जाचे बिशप मात्र कोणाला हवे असतील? त्यांची किंमत रांगेत आहे. आधीचा कोण आणि नंतरचा कोण, हे माहीत असेल तरच त्या चेहऱ्याला अर्थ येतो.

रांग मात्र अजून संपलेली नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या महिला बिशप २०१५ मध्ये झाल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले. या पदासाठी निवडलेल्या त्या पहिल्या महिला. चर्चमध्ये येण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या आणि इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी म्हणूनही त्यांनी काम केले. दाढी, टोप, पांढऱ्या बाह्या अशा क्रमाने बदलत आलेल्या या मालिकेत आता एका स्त्रीचे चित्र लागेल. ते नेमके कोणाच्या शेजारी लागते, हे पाहण्यासाठी आधीची चित्रे जागेवर असायला हवीत.